खिंडीचा नियम परत द्या : शनिवारच्या टेबलांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
शनिवारच्या टेबलांचे आयोजक आणि सर्व डीएम (खेळ चालवणारी) मंडळी,
कोल्हापूर.

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी ग्रुपवर तुमचा तीन ओळींचा मेसेज आला. यापुढे प्रत्येक शनिवारचा खेळ सगळ्यांच्या लाँग रेस्टनंतर, म्हणजे पात्रांची आठ तासांची झोप होऊन सगळी शक्ती परत भरल्यावर, सुरू होणार. घरचे नियम, म्हणजे खिंडीच्या नियमासारखे आपण स्वतः केलेले, बंद, पुस्तकात असेल तेवढंच चालणार. आणि अंगमेहनतीच्या करामतींना 'हे वास्तवात शक्य आहे का' ही कसोटी लागणार. खाली चौदा अंगठे पडले. त्यातला एक माझा आहे. मी तेव्हा शाहूपुरीत गाडी लावायला जागा शोधत होतो, न वाचताच दाबला. तो अंगठा मी या पत्रानं मागे घेतो.

हे तुम्हाला खाजगीत सांगता आलं असतं. पण दर महिन्याला दोन-चार नवी पोरं आपल्याकडं येतात, आणि आपण त्यांच्या हातात पहिल्या दिवशी फायटरचंच शीट ठेवतो, 'सोपं असतंय' म्हणून. त्या सोपेपणाची किंमत पुढं काय पडते ते त्यांनाही वाचायला मिळावं. ज्यांनी हा खेळ पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून फाशांच्या जोरावर गोष्ट रचायचा खेळ. डीएम प्रसंग उभा करतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी तलवार घेतो, तो फायटर; कुणी मंत्रांची वही, तो विझर्ड. भांडण या दोघांचं आहे आणि ते खेळाइतकंच जुनं आहे.

माझा यात काय संबंध, तेही सांगतो. आमच्या आजोबांचं निम्मं आयुष्य तालमीत गेलं. मी आठवीत असताना त्यांनी मलाही पहाटे पाचला उठवून दोन वर्षं नेलं. हौद्यातली तांबडी माती, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. ती उकरायचं काम नव्या पोरांचं, म्हणजे माझं. पैलवान काही झालो नाही, डावा कान तेवढा चपटा झाला. पण ताकद म्हणजे एक आकडा नसतो, हे तिथं अंगाला कळलं. माझ्यापेक्षा वीस किलोनं हलका पोरगा ढाक लावून मला आस्मान दाखवायचा. उठून परत सलामी दिली, की आता हा एकेरी पट काढणार का निकालावर घेणार, काही पत्ता लागायचा नाही.

म्हणून कॉलेजात पहिल्यांदा कॅरेक्टर शीट हातात आलं तेव्हा 'क्लास'च्या रकान्यात फायटर लिहायला मला विचार करावा लागला नाही. त्याला बारा वर्षं झाली. सध्याचा माझा फायटर नवव्या लेव्हलचा आहे, स्ट्रेंग्थ वीस, म्हणजे साध्या माणसाला नियमानं गाठता येते तेवढी सगळी. त्याची पाळी अशी असते :

"तू काय करतोस?"
"मारतो."
"लागलं. पुढं?"
"परत मारतो."
"हुकलं. झालं?"
"झालं."

मग विझर्डची पाळी येते. सगळे खुर्ची पुढं ओढतात. ती वहीची पानं चाळते, नकाशावर बोट ठेवून अंतरं मोजते, डीएम स्वतःचं पुस्तक उघडतो, दोघांत वकिलासारखा युक्तिवाद होतो, मधे चहा येऊन संपतो. मला ते बघायला आवडतं, खोटं कशाला बोलू. फक्त ते बघताना मी प्रेक्षक असतो. १९१२ पासून लोक खासबागेच्या मैदानात कुस्त्या बघायला बसतायत. तिथं दोन पैलवानांनी आळीपाळीनं एकमेकांना एकेक थप्पड मारून 'झालं' म्हटलं असतं, तर दुसऱ्या जोडीला मैदान रिकामं झालं असतं.

आता गाऱ्हाणी.

पहिलं विश्रांतीचं. तुम्हाला ही नुसती सोय वाटते. मागच्या वेळी कुणाचे किती हिट पॉइंट (म्हणजे जीव) उरले, कुणाचे किती स्पेल स्लॉट (म्हणजे मंत्र म्हणायची शिल्लक) गेले, हे लक्षात ठेवायला नको, मधेच एखादा नवा खेळाडू बसला तरी अडचण नको. कबूल. पण आपण जी २०१४ ची पुस्तकं वापरतो त्यांचा सगळा हिशेबच दमण्यावर बांधलेला आहे. डीएमच्या पुस्तकात एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण झुंजी धरल्या आहेत. पाचव्या लेव्हलच्या विझर्डला फायरबॉल मिळतो. आठ फासे सहा बाजूंचे, सरासरी अठ्ठावीस, आणि ते वीस फूट त्रिज्येत सापडेल त्या प्रत्येकाला. त्याच लेव्हलला फायटरला दुसरा वार मिळतो. दोन हातांची मोठी तलवार घेऊन दोन्ही वार लागले, तर एकाच गड्याला बाविसाच्या आसपास. हा अन्याय नाही, कारण विझर्डकडं त्या ताकदीचे स्लॉट दोनच असतात. तो दुपारपर्यंत रिकामा होतो आणि फायटर संध्याकाळीही तसाच मारत असतो. सहा झुंजींत हिशेब जुळतो.

आपण शनिवारी सहाला बसतो आणि नऊला उठतो. तीन तासांत एक झुंज होते, फार तर दीड. आता त्याआधी सगळे आठ तास झोपून येणार. म्हणजे विझर्ड दर शनिवारी भरलेली तिजोरी घेऊन बसणार आणि एकाच झुंजीत उधळणार. फायटरचं काय? त्याचा दुसरा दम आणि ती जादा ॲक्शन तासाभराच्या शॉर्ट रेस्टनंतरही परत मिळते, तेच तर त्याचं बळ. पण सगळे झोपून आल्यावर शॉर्ट रेस्ट घेणार कोण? तुम्ही विझर्डला काही दिलं नाहीत. त्याच्यावरचा एकमेव लगाम तेवढा काढून घेतलात.

दुसरं गाऱ्हाणं खिंडीच्या नियमाचं. माझा खरा राग यावर आहे.

आपल्यातले निम्मेअधिक जण कधी ना कधी पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालून आलेत. गुडघाभर चिखल, जळवा, धुकं, आणि शेवटी ती घोडखिंड. तिथं उभं राहिलं की वेगळं काही सांगावं लागत नाही. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटलेले शिवाजी महाराज विशाळगडाकडं निघाले आणि बाजीप्रभू मोजक्या मावळ्यांनिशी खिंडीत उभे राहिले, ते काय करायला? जास्तीत जास्त माणसं मारायला नव्हे. मागून येणाऱ्यांना पुढं जाऊ द्यायचं नाही, एवढंच काम होतं. योद्ध्याचं काम बहुतेक वेळा तेच असतं.

आता हाच प्रसंग तुमच्या 'पुस्तकात असेल तेवढंच' या नियमानं आपल्या टेबलावर मांडा. खिंड दहा फूट रुंद, म्हणजे नकाशावर दोन चौकोन. एका चौकोनात माझा फायटर. दुसऱ्या चौकोनातून आठ शत्रू ओळीनं निघाले. जो टप्प्याबाहेर जाईल त्याला मी वार करू शकतो. पण एका राउंडमध्ये रिॲक्शन, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत करायची झटपट कृती, एकच. पहिल्याला मारलं. बाकीचे सात माझ्या कोपराला घासून जातात आणि मी बघत उभा. सेंटिनेल नावाचं फीट (म्हणजे पात्राचं खास कसब) घेतलं असेल तर ज्याला वार लागला तो जागच्या जागी थांबतो. तो एकटा. उरलेले सात विशाळगडापर्यंत जाऊन महाराजांच्या आधी पोचतील.

तीच खिंड, तीच नववी लेव्हल, पण विझर्ड. एक पाळी, म्हणजे खेळातले सहा सेकंद. वॉल ऑफ स्टोन. दगडी भिंत उभी, खिंड बंद. दहा मिनिटं एकाग्रता टिकवली की ती भिंत कायमची. बाजीप्रभूंच्या जागी विझर्ड असता तर पोवाडा दोन ओळींत संपला असता.

म्हणून आपण तीन वर्षांपूर्वी खिंडीचा नियम केला. अरुंद जागी पाय रोवून उभा राहिलेला योद्धा, बाजूनं जाणाऱ्या प्रत्येकाला एकेक वार करू शकेल आणि वार लागला तर तो माणूस तिथंच थांबेल. एवढाच. 'घरचा' म्हणून तो तुम्ही काढून टाकलात. पण आपण तो हवेतून आणला नव्हता. याच खेळाच्या २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तो छापील होता. तिथं असा वार राउंडला एक नव्हे, तर प्रत्येकाच्या पाळीला एक मिळायचा, आणि फायटरचा वार लागला की पुढं सरकणारा थांबायचा. २०१४ मध्ये ते गेलं. आपल्याकडं मर्दानी खेळात दांडपट्टा फिरवणारा बघा. एकट्यानं चारही बाजूंची माणसं लांब ठेवायची, त्यासाठीच ते हत्यार आहे. आपल्याला हे पुस्तकात शोधावं लागतंय हेच नवल.

तिसरं गाऱ्हाणं छोटं आहे, पण बोचतं. दोन आठवड्यांपूर्वी आमच्या टेबलावर मी शत्रूच्या मांत्रिकाला गाठलं आणि धरलं. ग्रॅपल. फासा माझ्या बाजूनं पडला, मी खुर्चीतून उठलोच. कलाजंग, धोबीपछाड, घिस्सा, मोळी, झोळी, पुट्ठी, एवढी सगळी विद्या या खेळात एका शब्दात बसवलीय, आणि त्याचा परिणाम काय, तर धरलेल्याचा वेग शून्य. बाकी त्याचे हात मोकळे, तोंड मोकळं. डीएम म्हणाला, "तो मिस्टी स्टेप म्हणतो." आणि तो माझ्या काखेतून नाहीसा होऊन तीस फुटांवर उभा राहिला. भावा, मी दोन वर्षं मातीत काढलीत. मानेवर कुणाचा गुडघा असताना माणसाला स्वतःच्या आईला हाक मारता येत नाही, मंत्राचं लांबच राहिलं.

हेही पूर्वी असं नव्हतं. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ बाजारात आणला तेव्हापासून सुरुवातीचा विझर्ड अगदी नाजूक. १९७८ च्या नियमांत पहिल्या लेव्हलला दिवसाला एक मंत्र, आणि हिट पॉइंटसाठी चार बाजूंचा फासा. फायटरला दहा बाजूंचा. मंत्र म्हणताना वार लागला की मंत्र वाया. म्हणून विझर्डला फायटर लागायचा, दारात उभा राहायला. पुढच्या आवृत्त्यांनी त्या अडचणी एकेक करून काढल्या. २००० मध्ये सावधपणे मंत्र म्हणायची सोय आली, २०१४ मध्ये तर शेजारी तलवार उपसून उभं असलं तरी मंत्र म्हणायला धोका राहिला नाही. अडचणी गेल्या, ताकद होती तिथंच राहिली. सतराव्या लेव्हलला 'विश' मिळतो, म्हणजे मागाल ते. फायटरला विसाव्या लेव्हलला मिळतो चौथा वार.

आता तुमची ती वास्तवाची कसोटी.

परवाच्या दरीचं बघा. पंचवीस फूट रुंद, पूल मोडलेला. मी म्हटलं, उडी मारतो. डीएमनं पुस्तक उघडलं : लांब उडी स्ट्रेंग्थच्या आकड्याएवढे फूट, तीही धावत येऊन. माझी वीस. "पाच फूट कमी पडतायत. आणि वास्तवात तरी चिलखत घालून कुणी मारेल काय?" मुद्दा चिलखताचा असता तर मी गप्प बसलो असतो. पण चिलखत काढलं तरी पुस्तक वीसच देतं. १९९१ मध्ये टोकियोत माइक पॉवेलनं ८.९५ मीटर उडी मारली. एकोणतीस फुटांच्या वर. हाडामांसाचा माणूस, ड्रॅगन न मारलेला. उचलायचंही तेच. स्ट्रेंग्थ वीसला नियम जास्तीत जास्त सहाशे पौंड देतो, म्हणजे साधारण २७२ किलो. २०१६ मध्ये एडी हॉलनं डेडलिफ्टमध्ये ५०० किलो उचलले. मग हे कुठलं वास्तव? आपल्या सगळ्यात बलवान वीराला तुम्ही वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावरच्या माणसाहून खाली ठेवताय. आणि त्याच दरीवर विझर्डनं पहिल्या लेव्हलचा जंप मंत्र म्हटला असता तर तीच उडी तिप्पट झाली असती. तिला कुणी वास्तव विचारलं नसतं.

प्रत्येक तालमीत मारुती असतो. त्याच्या पाया पडल्याशिवाय हौद्यात कुणी उतरत नाही. संजीवनी कुठली ते ओळखता येईना, तेव्हा त्यानं काय केलं? अख्खा डोंगर उचलून आणला. आपल्या भाषेत सांगायचं तर वनस्पती ओळखायचा फासा एकवर पडला, आणि गड्यानं ताकदीनं निभावलं. आपल्या गोष्टींतला बळवंत असा असतो. अर्जुन तर मंत्रही म्हणतो आणि बाणही सोडतो, त्याला आधी क्लास निवडावा लागत नाही. योद्धा म्हणजे जादू नसलेला माणूस, ही वाटणी आपल्याकडची नाहीच. ती पुस्तकाबरोबर आली आणि आपण ती बघितलीही नाही.

काही जण म्हणतील, डीएमनं एखादी जादूची तलवार द्यावी, प्रश्न मिटला. म्हणजे योद्ध्याचं दुखणं घालवायला औषध परत जादूचंच! दुसरे म्हणतील, एवढं वाटतंय तर विझर्ड घे. मी घेतला होता, दोन वर्षांपूर्वी, चार महिने. मजा आली. पण मला दारात उभं राहायचं आहे, हे मी कुणाला पटवून देऊ?

सगळं नियमांचंच चुकलंय असंही नाही. नॉक मंत्रानं कुलूप उघडतं, पण त्याचा आवाज तीनशे फुटांवर ऐकू जातो. हा मला फार आवडणारा नियम आहे. मंत्र चालतो, त्याची किंमत पडते, आणि कुलूप हातानं उघडणाऱ्याला काम राहतं. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर कसरतीत 'लेजंडरी' झालेला माणूस योग्य ते फीट घेऊन कितीही उंचीवरून पडला तरी त्याला इजा होत नाही. मंत्र नाही, तावीज नाही. तयार केलेलं शरीर. म्हणजे हे लिहिता येतं. खेळ लिहिणाऱ्यांना जमतं, तर आपल्याला टेबलावर जमणार नाही असं नाही.

आता ज्याच्यामुळं मी हे पत्र लिहायला बसलो ते. आमच्या टेबलावरची विझर्ड पेशानं सीए आहे, हिशेबाला पक्की. त्या दरीच्या रात्री आम्ही गंगावेशीत दूध प्यायला थांबलो होतो. कट्ट्यावर गरम ग्लास दोन्ही हातांत धरून ती सहज बोलून गेली, "मी बरेचदा स्पेल ठेवूनच देते. नाहीतर तुला काय उरणार?" माझ्या हातातलं दूध तसंच राहिलं. मला आठवलं, गेल्या दिवाळीत त्या राक्षसाचं शेवटचं डोकं मी उडवलं होतं आणि सगळ्या टेबलानं आरडाओरडा केला होता. मी विचारलं, तेव्हाही? ती काही बोलली नाही. ग्लासातल्या सायीकडं बघत राहिली.

ती चांगली मुलगी आहे, तिची यात काडीचीही चूक नाही. पण कुणीतरी मागं सरकतंय म्हणून माझी पाळी येते, हे कळल्यापासून मला फासा टाकावासा वाटत नाही. आणि तिचंही नुकसानच आहे. तिला दर शनिवारी निम्मी शक्ती खिशात ठेवून खेळावं लागतंय.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

दर आठवड्याची झोप रद्द करा. तीन शनिवारांत एक लाँग रेस्ट, तोही गोष्टीत जागा असेल तिथं. उठताना प्रत्येकानं शीटचा फोटो ग्रुपवर टाकावा, लक्षात ठेवायचा प्रश्न तिथं मिटतो. नवा खेळाडू आला तर त्याला अर्धे स्लॉट देऊन बसवा.

खिंडीचा नियम जसा होता तसा परत आणा.

धरलेल्या माणसाला मंत्र म्हणायचा असेल तर आधी कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे अंगातल्या दमाचा, फासा टाकू दे, लक्ष्य दहा. एकाग्रता टिकवायला पुस्तकात किमान दहाच आहे, नवीन काही शिकायला नको. धरणाऱ्याची ताकद जास्त असेल तर आकडा वाढवा. किती ते तुम्ही ठरवा, मी वाद घालणार नाही.

आणि वास्तवाची कसोटी एक तर दोघांना लावा किंवा कुणालाच नको. निदान एवढं तरी करा, की खऱ्या जगात कुठल्याही माणसानं जे करून दाखवलंय ते पाचव्या लेव्हलच्या पुढच्या योद्ध्याला फासा न टाकता द्या. त्याच्या पुढचं काही करायचं असेल तर तो फासा टाकेल, पडला तर दरीत पडेल.

तीन शनिवार करून बघा. नाही जमलं तर तुमचा मेसेज आहेच.

येत्या शनिवारी मी सहाला हजर आहे. गेल्या वेळी उठताना माझ्या फायटरचे एकतीस हिट पॉइंट उरले होते. नव्या नियमानं ते भरून पंच्याऐंशी व्हायला हवेत. मी ते भरणार नाही, एकतीसवरच बसणार आहे.

आपला,
तीन नंबर टेबलावरचा फायटर

ता. क. : हे पत्र पाठवण्याआधी आमच्या विझर्डला दाखवलं. फायरबॉलची सरासरी मी तीस लिहिली होती, तिनं ती अठ्ठावीस केली. धरल्यावरच्या फाशाच्या मागणीवर तिनं स्वतःचीही सही घालायला सांगितलंय.